साडेतीन म्हणजे तीन

माझ्या संगणकात एक कॅल्क्युलेटर आहे. त्याला बटणं नाहीत, रंग नाहीत, खालीवर सरकणारं काही नाही. तुमचा संगणक मॅक किंवा लिनक्सवाला असेल तर बहुधा तो तुमच्याकडेही आहे, फक्त तुमची-त्याची गाठ पडलेली नाही. टर्मिनलची काळी खिडकी उघडायची, ‘बीसी’ ही दोन इंग्रजी अक्षरं टाइप करायची आणि एंटर मारायचा. लिनक्सवरचा बीसी मग दोन-तीन ओळी बोलतो. त्यांतली ठसठशीत ओळ अशी की, या प्रोग्रॅमची कसलीही हमी नाही; आणि ‘कसलीही नाही’ हे चांगलं मोठ्या अक्षरांत. अधिक माहिती हवी असेल तर ‘वॉरंटी’ असं टाइप करा, म्हणजे हमी कशी नाही ते तो सविस्तर सांगेल. एवढं बोलून झालं की बीसी गप्प होतो आणि बसून राहतो.

ही शांतता पहिल्यांदा जरा अंगावर येते. फोनवरचं साधं घड्याळाचं ॲप उघडलं तरी ते आधी परवानग्या मागतं, मग ‘आवडलं का?’ म्हणून पाच तारे पुढे करतं. इथे स्वागत नाही, सूचना नाही, ‘येथे लिहा’ असा बाणसुद्धा नाही. माणूस गडबडतो आणि ‘हेल्प’ टाइप करतो. त्यावर बीसी उत्तर देतो: ०.

यात कुचेष्टा नाही. बीसीच्या लेखी ‘हेल्प’ हे एका चलाचं नाव आहे, आणि ज्या चलाची किंमत अजून कुणी ठरवलेली नाही त्याची किंमत शून्य. ‘हॅलो’ म्हणालात तरी शून्यच. स्वतःचं नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप केलंत तरीही शून्य. थोरामोठ्यांनी एकदा करून पाहावं. ताठा उतरवणारी इतकी स्वस्त सोय माझ्या माहितीत दुसरी नाही.

गणित घातलं की मात्र तो जागा होतो. दोनाचा शंभरावा घात विचारा, पापणी लवायच्या आत एकतीस अंकी संख्या समोर येते, शेवटच्या अंकापर्यंत अचूक. खिशातला कॅल्क्युलेटर इथे धापा टाकत ‘१.२६ गुणिले दहाचा तिसावा घात’ असं काहीतरी मोघम पुटपुटतो. हजाराव्या घातालाही बीसी डगमगत नाही. तीनशे दोन अंक होतात, ओळीत मावत नाहीत, म्हणून ओळीच्या टोकाला एक तिरपी रेघ देऊन तो खालच्या ओळीवर उतरतो आणि पुढे लिहीत राहतो. स्वल्पविराम देणं मात्र त्याच्या खात्यात नाही. लाख, कोटी, अब्ज हे आपलं आपण बोटांनी मोजायचं.

माझ्या बारावीतल्या पुतणीला हे सगळं मी मोठ्या कौतुकानं दाखवलं. तिनं शंभरावा घात पाहिला, ‘हं’ म्हणाली, आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढून सात भागिले दोन विचारलं.

“काका, हा म्हणतोय तीन.”

“बरोबर आहे.”

“साडेतीन पाहिजे ना?”

“तू दशांश मागितलेस का?”

मुलगी माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागली की, काकांचंही वय झालं. पण खरं तेच होतं. बीसीमध्ये ‘स्केल’ नावाची एक किंमत असते: भागाकारात दशांशचिन्हापुढे किती घरं हवीत ती. तुम्ही सांगितली नाहीत तर ती शून्य. शून्य घरं म्हणजे शून्य घरं. उरलेला अर्धा त्यानं निमूटपणे टाकून दिला. ‘स्केल=१’ असं लिहिलंत की त्याच प्रश्नाला ३.५ उत्तर मिळतं.

अर्धा टाकून देणं हे महाराष्ट्रात सोपं काम नाही. आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. ज्या समाजानं साडेतीनचा पाढा वेगळा पाठ केला, त्याला ‘औटकी’ असं नाव दिलं आणि पोरांकडून संध्याकाळी घोकून घेतला, त्याच्यापुढे हा न्यू जर्सीचा प्रोग्रॅम सात भागिले दोन म्हणजे तीन असं खुशाल सांगतो. त्याच्या हिशेबात वणीची सप्तशृंगी गळते आणि शहाण्यांतले नाना फडणवीसही गळतात. नानांना वगळून पेशवाईचा हिशेब कसा लागायचा? पण बीसीचं म्हणणं सरळ आहे. अर्धं हवं होतं, तर तसं आधी सांगायचं होतं.

त्याच्या या तुटकपणाला त्याचं वयही कारण असावं. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. युनिक्स तिथेच जन्माला आलं. १९७५ साली युनिक्सची सहावी आवृत्ती निघाली, तिच्यात बीसी पहिल्यांदा दिसतो. तो लिहिला लोरिंडा चेरी या बाईंनी. अर्थात त्याआधीही तिथे एक कॅल्क्युलेटर होता, ‘डीसी’ नावाचा, चेरी आणि रॉबर्ट मॉरिस यांनी केलेला, आणि तो सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेपेक्षाही जुना. (हे मॉरिस पुढे अमेरिकन सरकारच्या गुप्तलेखन खात्यात मोठ्या हुद्द्यावर गेले, आणि त्यांच्या चिरंजीवांनी १९८८मध्ये इंटरनेटवर एक ‘किडा’ सोडून हजारो संगणक बंद पाडले. पण ते पुराण वेगळं.) मूळचा बीसी हा डीसीचा दुभाष्या होता. आज लिनक्सवर जो असतो तो फिलिप नेल्सन यांनी नव्यानं लिहिलेला, स्वतःच हिशेब करणारा. वळण मात्र चेरीबाईंचंच.

दुभाष्याची गरज का पडली तेही मजेदार आहे. डीसीला ‘३ + ४’ कळत नाही. त्याला आधी तीन सांगायचे, मग चार, मग अधिकचं चिन्ह, मग छापण्यासाठी ‘पी’. अमेरिकन माणसाला हे उलटं वाटलं, म्हणून त्याच्यासाठी मधे बीसी बसवला. मराठी माणसाला मात्र डीसीचं काही अडायला नको. तिनात चार मिळव आणि दाखव: आपण बोलतो तसंच आहे ते. क्रियापद शेवटी. मरे हिलच्या प्रयोगशाळेत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, मराठीच्या वळणाचा कॅल्क्युलेटर तयार झाला आणि पुढे इंग्रजी वळणासाठी त्याला झाकून टाकावं लागलं. मला याचा उगाचच अभिमान वाटतो.

आता जरा वरच्या वर्गात जाऊ. बीसी सुरू करताना पुढे ‘-एल’ असं जोडलं की तो गणिताची पोतडी घेऊन येतो आणि स्केल स्वतःहून वीस करतो. पोतडीत फक्त सहा फलनं आहेत आणि प्रत्येकाचं नाव एका अक्षराचं. एस म्हणजे साइन, सी म्हणजे कोसाइन, ए म्हणजे ज्याचा टॅन्जंट दिला आहे तो कोन, एल म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम, ई म्हणजे ई या संख्येचा घात, आणि जे. जे कोण, ते पुढे सांगतो. टॅन्जंट नाहीच. हवा असेल तर एसला सीनं भागा, आपलं आपण फलन तयार करा, त्याला ‘टी’ असं नाव द्या. तो मुकाट्यानं लक्षात ठेवतो. दहाच्या पायाचा लॉग नाही: एलला एल(१०)नं भागा. आणि कोन अंशांत चालत नाहीत. पुतणीनं एस(९०) विचारलं आणि एकाऐवजी .८९३९९६ असं लांबलचक काही आलं, कारण बीसीनं ते नव्वद रेडियन समजले. नव्वद अंश हवे असतील तर पायनं (π) गुणून १८०नं भागायचं. दशांशचिन्हाच्या आधीचं शून्यही त्यानं लिहिलेलं नाही, बिंदूपासूनच सुरुवात. जिथे गरज नाही तिथे शून्यसुद्धा खर्च करायचं नाही, असा हा स्वभाव.

दोनाचा अर्धावा घात विचारला तर तो कुरकुरतो. घातांक पूर्ण हवा म्हणतो. मग लॉगच्या वाटेनं जावं लागतं: एल(२) घ्या, निम्मा करा, त्याचा ई घ्या. १.४१४२१३५६… हे दोनाचं वर्गमूळ हाती येतं. वर्गमूळाचं फलन वेगळं आहे त्याच्याकडे, पण घनमूळ, पाचवं मूळ, चक्रवाढीतला साडेसात वर्षांचा घात असं काही आलं की हीच वाट. पुतणीचा चेहरा इथे उजळला. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या पेपरांत कॅल्क्युलेटर वापरायला परवानगी नाही, लॉग टेबल वापरायला आहे. त्यामुळे गुणाकाराऐवजी बेरीज आणि घाताऐवजी गुणाकार ही युक्ती या मुलांच्या बोटांत अजून आहे. इंजिनिअर झालेल्या तिच्या दादाला ती समजावून सांगावी लागली. त्याच्या फोनवर बटण होतं ना.

आता पाय. बीसीला पाय ही संख्या नावानं माहीत नाही. ती काढून घ्यावी लागते: ४*ए(१). ज्याचा टॅन्जंट एक, तो कोन पंचेचाळीस अंशांचा, म्हणजे पायचा चौथा भाग. चारानं गुणलं की पाय. बीसी छापतो:

३.१४१५९२६५३५८९७९३२३८४४

ज्यांना पाय पाठ आहे ते लगेच बोट ठेवतील. शेवटी ४४ नाही, ४६ हवं. विसाव्या घरात चूक! आणि ती चूक का झाली हे शोधू लागलं की या गृहस्थाचा स्वभाव पुरता कळतो. बीसी संख्या जवळच्या अंकाला नेऊन बसवत नाही, तो तोडतो. ए(१) त्यानं वीस घरांवर तोडला, पुढची शेपटी टाकली, आणि उरलेल्याला चारानं गुणलं. तुटलेल्या शेपटीची उणीवही चौपट झाली. दोन भागिले तीन विचारा: बिंदूपुढे वीस सहा, शेवटी सातचा पत्ता नाही. एक भागिले तीन करून तिनानं गुणा: वीस नऊ. बाकीचे कॅल्क्युलेटर इथे हळूच वर ढकलून एक करतात आणि साळसूदपणे बसतात. बीसी म्हणतो, माझ्या हातात होतं तेवढं दिलं; जे नव्हतं ते मनानं कशाला लावू?

यावर उपाय इतकाच की वीस घरं हवी असतील तर पंचवीस मागावीत आणि शेवटची पाच सोडून द्यावीत. स्केल पंचवीस करून तोच प्रश्न विचारला की विसावं घर बिनचूक येतं. सराफाचा काटा आणि कांद्याचा काटा यांत जो फरक, तोच स्केलमध्ये. कांद्याच्या काट्यावर सोनं घालून मग सराफाशी भांडण्यात अर्थ नाही.

आणि एक गंमत. हे फलन ज्या मजकुरात लिहिलं आहे तो कुणालाही वाचता येतो. त्यात दिसतं की ए(१) हा बीसी काढतच नाही, त्यानं तो पाठ केलेला आहे! पंचवीस घरांपर्यंत एक पाठांतर, चाळीस घरांपर्यंत दुसरं, साठपर्यंत तिसरं. त्याच्या पुढे गेलात तरच तो पाटीपेन्सिल घेतो आणि विषम संख्यांनी भागत जाणारी, आलटून पालटून अधिक-उणे होणारी श्रेढी मांडतो. केरळात माधवाच्या परंपरेतल्या गणितज्ञांना हीच श्रेढी युरोपच्या कितीतरी आधी माहीत होती. अर्थात पाठांतराबद्दल कुणाला नाक मुरडायचं असेल त्यानं खुशाल मुरडावं. ज्याची वारंवार गरज पडते ते पाठ ठेवावं आणि उरलेलं मांडून काढावं, हे आमच्या पंतोजींना आणि नेल्सनसाहेबांना स्वतंत्रपणे सुचलेलं आहे.

पण किती घरं पुरे, हा प्रश्न बीसीनं पहिल्यांदा विचारलेला नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेल्या ‘लीलावती’त परिघासाठी दोन गुणोत्तरं दिली आहेत. एक २२/७, ते स्थूल, रोजच्या व्यवहारापुरतं. दुसरं ३९२७/१२५०, ते सूक्ष्म. गिऱ्हाईक पाहून माल द्यावा अशी ही सोय आहे आणि ती मला फार आवडते. आपलं एकच उत्तर खरं, असा हट्ट नाही. विहीर बांधायची असेल तर बावीस सप्तमांश घे आणि कामाला लाग, ग्रहांचं गणित मांडायचं असेल तर हे घे.

हे सूक्ष्म किती सूक्ष्म, ते बीसीला विचारता येतं. ३९२७ भागिले १२५० म्हणजे नेमकं ३.१४१६. त्यातून ४*ए(१) वजा करा आणि पृथ्वीच्या सरासरी व्यासानं, १२,७४२ किलोमीटरनं, गुणा. उत्तर येतं सुमारे .०९३६. म्हणजे साऱ्या पृथ्वीला फेरी घातली तर भास्कराचार्यांचा हिशेब ९४ मीटरांनी चुकतो. चाळीस हजार किलोमीटरांत ९४ मीटर! २२/७नं हीच फेरी काढली तर चूक सोळा किलोमीटरांवर जाते. ‘स्थूल’ म्हणून त्यांनी आधीच बजावलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

एका बाबतीत मात्र भास्कराचार्य आणि बीसी यांचं जमायचं नाही. एक भागिले शून्य विचारलं की बीसी ‘शून्यानं भागाकार’ एवढी चूक दाखवतो आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहतो. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त अशा राशीला ‘खहर’ म्हटलं आणि तिच्यात काही घातलं वा काढलं तरी ती बदलत नाही, अनंत अच्युतात जीव आले-गेले तरी तो बदलत नाही तशी, असं सांगितलं. आधुनिक गणित इथे बीसीच्या बाजूनं आहे. पण त्या जागी त्यांना प्रत्यक्ष विष्णू दिसला आणि याला फक्त चूक दिसली, हेही नोंदवून ठेवायला हरकत नाही. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तसा शिलालेखच तिथे आहे. सरकारी अनुदानाच्या अटी काय होत्या ते गणित शिकवणाऱ्या आजच्या लोकांनी एकदा जाऊन वाचावं.

आता ‘जे’. टॅन्जंटला जागा न देणाऱ्या या सहा जणांच्या पंगतीत बेसेल फलन ऐटीत बसलेलं आहे, हे पाहून प्रथम नवल वाटतं. टॅन्जंट शाळेतल्या पोरालाही लागतो. बेसेल ज्याला लागतो त्याची एम.एस्सी. तरी झालेली असते. पण टॅन्जंट दोघांच्या भागाकारातून मिळतो, बेसेल तसा मिळत नाही. आणि टेलिफोन-रेडिओच्या लहरींशी झटणाऱ्या प्रयोगशाळेत तो रोजच्या वापरातलाच असणार.

बेसेल फलनाचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर त्याला गणपतीच्या मिरवणुकीत न्यावं. गोल चौकटीवर ताणलेलं कातडं थरथरतं कसं, हे बेसेल फलन सांगतं. जे(०, २.४०४८) विचारा, उत्तर जवळजवळ शून्य येतं. जे(१, ३.८३१७), तेही तसंच. या शून्यांच्या जागांवरून कातड्याचे स्वर ठरतात. ३.८३१७ला २.४०४८नं भागा: १.५९३ आणि वर काही. म्हणजे एकसारख्या कातड्याचा पहिला स्वर आणि त्याच्या वरचा स्वर यांचं गुणोत्तर दीडही नाही आणि दोनही नाही. असे अडनिड्या गुणोत्तरांचे स्वर एकदम उठले की सूर लागत नाही, नुसता दणका होतो. ढोलाला तो दणकाच हवा असतो, म्हणून ठीक आहे.

मग तबला कसा सुरात लागतो? कारण त्याचं कातडं एकसारखं नसतं. मधे शाई असते. त्या काळ्या गोल थरानं कातड्याचं वजन मध्यावर वाढतं आणि हे अडनिडे स्वर ओढले जाऊन एकपट, दुप्पट, तिप्पट अशा शिस्तीत येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२०मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आणि पुढे १९३४मध्ये अधिक विस्तारानं हे दाखवून दिलं. शाईचा थर घोटून घोटून लावणाऱ्या कारागिराला बेसेल ठाऊक नव्हता. तो कानानं थर वाढवत गेला आणि १.५९३ ला दोनपर्यंत घेऊन गेला. बीसीच्या सहा फलनांपैकी हे एक मला सर्वांत जवळचं वाटतं, आणि त्याचा माझ्या संसारात एकदाही उपयोग झालेला नाही.

तसं पाहिलं तर बीसीवर मी जे काही करतो त्यातलं उपयोगी फार थोडं. वीजबिल फोनवर कळतं, हप्ता बँक सांगते. बीसीवर मी संख्यांशी खेळतो, आणि खेळायला बसलं की देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आठवतात. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि जन्मभर देवळालीच्या शाळेत मास्तर असलेले. नऊ एकांचा वर्ग बीसीला विचारा: १२३४५६७८९८७६५४३२१. चढण चढून उतरणारी ही संख्या कापरेकरांच्या ‘डेम्लो’ संख्यांपैकी. हे नाव त्यांनी मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनवरून ठेवलं. २९७चा वर्ग विचारा: ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे दोन तुकडे करा, बेरीज पुन्हा २९७. ७०३चा वर्ग ४९४२०९, तुकड्यांची बेरीज ७०३. अशा संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

आणि ६१७४ तर प्रसिद्धच आहे. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तराला पुन्हा तेच. फार तर सात वेळात ६१७४ येतं आणि मग तिथून हलत नाही. बीसीचं जन्मवर्ष १९७५ घ्या: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. वजाबाक्या बीसी करतो, अंकांची मांडणी आपण करायची. दोघांनाही काम राहतं. त्याच १९७५च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, आणि देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले. तिकडे चेरीबाईंचा कॅल्क्युलेटर नि इकडे मास्तरांची कीर्ती, एकाच साली. कापरेकरांनी हे सगळं कागदावर, हातानं केलं. बीसी त्यांच्या हाती असता तर आणखी किती काय काढलं असतं, असं लोक हळहळून म्हणतात. मला तसं वाटत नाही. यंत्र उत्तर देतं. २९७च्या वर्गाचे तुकडे करून पाहावेत हे त्याला सुचत नाही. ते वही घेऊन बसलेल्या माणसालाच सुचतं, आणि हातानं गुणाकार करता करता सुचतं.

एक धोक्याची जागा सांगून ठेवतो. बीसीला दहाऐवजी सोळाच्या पायावर ऐकायला लावता येतं: ‘आयबेस=१६’. तिथे दहाला ए म्हणतात आणि बाराला सी. हे काही परकं नाही. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी येईपर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचाच होता आणि शेर सोळा छटाकांचा. निरक्षर भाजीवालीसुद्धा सोळाच्या पायावर झरझर हिशेब करायची. पण सोळावर गेलेल्या बीसीला परत दहावर आणायला ‘आयबेस=१०’ म्हणालात तर तो जागचा हलत नाही. कारण आता तो सोळाच्या राज्यात आहे आणि तिथे एकावर शून्य म्हणजे सोळाच. कितीदा म्हणा, तो आज्ञा पाळतोच आहे. ‘आयबेस=ए’ म्हणावं लागतं, तेव्हा सुटका होते.

रुपये-पैशांच्या बेरीज-वजाबाकीला मात्र डोळे मिटून घ्यावा असा हा गृहस्थ आहे. बहुतेक प्रोग्रॅमिंगच्या भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर ०.३०००००००००००००००४ असं काहीतरी निघतं, कारण त्या आतून दोनाच्या पायावर चालतात आणि दशांश त्यांना नेमका मांडता येत नाही. बीसी आतूनही दशमानच मानतो. तो म्हणतो .३, बस.

म्हणून ज्याला रस असेल त्यानं संध्याकाळी निवांत वेळ काढून टर्मिनल उघडावं. इथे छापलेले देवनागरी आकडे आणि अक्षरं जशीच्या तशी देऊ नका, त्याला फक्त इंग्रजी कळतात. सुरू करताना ‘-एल’ विसरू नका. हवी असतील त्याहून पाच घरं जास्त मागा. आणि बाहेर पडायचं असेल तेव्हा ‘क्विट’ लिहा. ‘एक्झिट’ लिहिलंत तर तो शून्य छापेल आणि तुमच्या पुढच्या गणिताची वाट पाहत बसेल.